मोडी वाचणारं मशीन घरीच जोडायचं आहे : इंदूर, बजेट पावणेदोन लाख

रामबागकर (इंदूर)

नमस्कार मंडळी,

मशीन लर्निंगसाठी घरी एक दणकट कॉम्प्युटर जोडून घ्यायचा आहे. आधी काम सांगतो, कारण नुसतं 'चांगलं मशीन सुचवा' म्हटलं की उत्तरं भलतीकडे जातात.

आमच्याकडे आणि ओळखीच्या काही घरांत होळकर संस्थानच्या काळातले मोडी कागद आहेत. इनामाचे कागद, देण्याघेण्याचे हिशेब, वाटणीपत्रं, घरगुती पत्रं. वाचणारी पिढी संपत आली आहे. सलग मोडी वाचणारं माणूस इंदुरात आता शोधावं लागतं. स्कॅनिंग सुरू आहे, आणि ज्या पानांचं बाळबोध लिप्यंतर घरातल्या कुणी ना कुणी पूर्वी करून ठेवलंय, त्यांच्या ओळी जुळवून ट्रेनिंगचा डेटा तयार करून राहिलो आहे.

पहिलं काम असं, की ओळीचं चित्र दिलं की देवनागरी मजकूर बाहेर यावा. दुसरं जरा पुढचं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, शिरोरेघ आधी पानभर आखून घेतलेली आणि अक्षरं तिला लटकलेली, शब्द कुठे तुटतो ते दिसत नाही. म्हणजे नुसतं चित्र बघून भागत नाही, संदर्भ लागतो. त्यासाठी सात-आठ अब्ज पॅरामीटरचं (म्हणजे शिकताना बदलणाऱ्या आकड्यांचं) एखादं तयार भाषा मॉडेल जुन्या मराठीवर फाइन-ट्यून करायचं, म्हणजे आणखी शिकवायचं, मनात आहे.

मॉनिटर, कीबोर्ड घरी आहेत. बाजारात चौकशी केली तर जी कोटेशनं आली ती सगळी एकाच वळणाची : सगळ्यात वरचा प्रोसेसर, पाण्यावर चालणारा कूलर, काचेचं कॅबिनेट, रंगीत दिव्यांची रॅम, आणि उरलेल्या पैशात १२ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. मला ही वाटणी उलटी वाटते. कार्ड कोणतं घ्यावं, जुनं घ्यावं का, घरचं वायरिंग झेपेल का, मे महिन्यात काय होईल, यावर अनुभवी लोकांनी मोकळेपणाने लिहावं.

दांडियाबाजार (बडोदा)

तुमचा अंदाज बरोबर आहे, वाटणी उलटीच आहे. अशा मशीनमध्ये निम्म्याहून जास्त पैसा कार्डात गेला पाहिजे, आणि कार्डातसुद्धा सगळ्यात आधी बघायची ती व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी. स्वयंपाकघरातल्या फडताळात सामान कितीही असो, हाताशी ओटा जेवढा तेवढंच एका वेळी मांडता येतं. व्हीरॅम म्हणजे तो ओटा. कार्ड हळू असेल तर काम उशिरा होईल. व्हीरॅम कमी पडली तर काम होणारच नाही, 'मेमरी संपली' म्हणून प्रोग्राम तिथल्या तिथे बंद पडेल.

हिशेब कागदावर करता येतो. अ‍ॅडम हा नेहमीचा ऑप्टिमायझर (शिकताना आकडे सुधारत नेणारी पद्धत) आणि मिक्स्ड प्रिसिजन (१६ आणि ३२ बिटी आकडे मिळून) धरली, तर पूर्ण ट्रेनिंगला दर पॅरामीटरमागे साधारण १६ बाइट लागतात : २ वजनाचे (म्हणजे त्या पॅरामीटरच्या आकड्याचे), २ ग्रेडियंटचे (आकडा कुठे हलवायचा त्या दिशेचे), ४ वजनाच्या ३२ बिटी मूळ प्रतीचे आणि ८ ऑप्टिमायझरच्या दोन नोंदींचे. यात मॉडेलच्या मधल्या थरांत निघणाऱ्या आकड्यांची मेमरी धरलेलीच नाही.

आता तुमची दोन कामं घ्या. ओळ वाचायला ट्रओसीआर जातीचं मॉडेल घेतलंत तर त्याचा मधला आकार ३३ कोटी पॅरामीटरच्या आसपास. गुणिले १६, म्हणजे सव्वापाच-साडेपाच जीबी, वर बॅचप्रमाणे (एका वेळी किती ओळी देता त्याप्रमाणे) मधल्या थरांची. १२ जीबीत रडतखडत, १६ जीबीत आरामात. एक लक्षात ठेवा, त्याचा डीकोडर (मजकूर लिहिणारा भाग) इंग्रजीवर शिकलेला आहे. मागची बाजू मराठी टोकनायझरसकट (मजकुराचे तुकडे, म्हणजे टोकन, पाडणारा भाग) बदलावी लागेल. त्याआधी साधं सीआरएनएन आणि सीटीसी (ओळी वाचणारं छोटं, जुन्या पद्धतीचं मॉडेल आणि ते शिकवायची रीत) करून बघाच. काही दशलक्ष पॅरामीटरचं ते मॉडेल कमी डेटावर चांगलं चालतं आणि कोणत्याही कार्डावर मावतं.

दुसरं काम मात्र वेगळ्या मापाचं आहे. आठ अब्ज गुणिले १६ म्हणजे १२८ जीबी. हे घरी होणं नाही. म्हणून लोरा (२०२१) आणि क्यूलोरा (२०२३) या युक्त्या. क्यूलोरात मूळ वजनं ४ बिटांत दाबून गोठवून ठेवतात आणि बाजूला जोडलेल्या लहान पट्ट्याच शिकवतात. आठ अब्जांचं मॉडेल मग साडेपाच-सहा जीबीत बसतं.

'मग १६ जीबी पुरे की' असं इथे वाटतं. पण आपली लिपी मध्ये येते. बऱ्याच मॉडेलांचे टोकनायझर इंग्रजी धरून केलेले. तोच मजकूर देवनागरीत लिहिला की टोकन कितीतरी जास्त पडतात, आणि लांबी वाढली की मेमरी वाढते. ज्यांचा शब्दसंग्रह मोठा आहे, उदाहरणार्थ गुगलच्या जेम्मा मॉडेलाचा, अडीच लाखांच्या वरचा, ते देवनागरी कमी तुकड्यांत बसवतात. पण शेवटच्या थरावर प्रत्येक टोकनला अडीच लाख आकडे निघतात. २०४८ टोकनांचा एकच नमुना ३२ बिटांत धरला तर नुसत्या त्या तक्त्यालाच दोन जीबी. हा खर्च कुठल्याच जाहिरातीत लिहिलेला नसतो. माझं मत स्पष्ट आहे : दुसरं काम खरंच करायचं असेल तर २४ जीबी.

बजेटात २४ जीबी म्हणजे सेकंडहँड एनव्हिडिया आरटीएक्स ३०९०. ती २०२० ची आहे, पण मेमरीचा वेग सेकंदाला ९३६ जीबी. त्यापुढे ४०६० टीआय १६ जीबीचा वेग २८८, कारण मेमरीचा रस्ता १२८ बिटांचाच. नवीन ५०६० टीआय १६ जीबी ४४८ पर्यंत जाते. भाषा मॉडेल चालवताना प्रत्येक टोकनला सगळी वजनं मेमरीतून ओढून आणावी लागतात, म्हणून हा आकडा कार्डातल्या गाभ्यांच्या (कोअरच्या) संख्येपेक्षा महत्त्वाचा.

शेवपोहे (इंदूर)

+१. वाचनखूण साठवली. १६ बाइटांचा हिशेब इतका सरळ कुणी सांगितला नव्हता.

लष्करकर (ग्वाल्हेर)

मी थोडा विरोधात लिहितो. रामबागकर, एक रुपया खर्च करायच्या आधी दोन्ही कामं छोट्या मापात कॅगल या गुगलच्या ऑनलाइन सेवेवर चालवून बघा. तिथे आठवड्याला साधारण ३० तास ग्राफिक्स कार्ड फुकट मिळतं, १६ जीबीची पी-१०० किंवा दोन टी-४. गुगलच्याच कोलॅबवरही टी-४ मिळते. तुमच्या शंभर ओळी घ्या, मॉडेल लावा, सर्वाधिक मेमरी किती लागली तो आकडा पायटॉर्च (मॉडेल शिकवायचं सॉफ्टवेअर) स्वतः सांगतं. तो आकडा हातात असला की दुकानदाराशी, आमच्याशी, कुणाशीही वाद घालायची गरज राहत नाही.

दुसरं, भाड्याचा हिशेब. महिन्यातून चार रात्री ट्रेनिंग करणार असाल तर तासावर भाड्याने कार्ड घेणं स्वस्त पडतं. घरचं मशीन परवडतं ते रोज कित्येक तास राबणार असेल तेव्हाच. केंद्र सरकारच्या इंडिया-एआय मिशनला मार्च २०२४ मध्ये १०,३७२ कोटींची मंजुरी मिळाली, त्यातला मोठा भाग सवलतीच्या दरात कॉम्प्युट देण्यासाठीच आहे. मोडीसारख्या कामाला संस्थेमार्फत तिकडे अर्ज करावा असं मला वाटतं. शिंदे, होळकर, गायकवाड, तिन्ही दरबारांचे कागद याच लिपीत आहेत. हे एका घराचं काम नाही.

रामबागकर (इंदूर)

लष्करकर, कॅगलचा सल्ला पटला, याच आठवड्यात करतो.

भाड्याबद्दल माझं म्हणणं वेगळं आहे. एक तर आकार. ए-४ मापाचं पान ३०० डीपीआयने रंगीत स्कॅन केलं की २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल, न दाबता २६ एमबी. हजार पानांचे २६ जीबी, आणि शाई फिकी असली की ६०० डीपीआय लागतं, म्हणजे चौपट. दर वेळी हे वर चढवायचं, भाड्याचा तास सुरू ठेवून. दुसरं जास्त महत्त्वाचं : हे कागद माझे एकट्याचे नाहीत. ज्यांनी विश्वासाने पेट्या उघडून दिल्या त्यांच्यापैकी काहींच्या जमिनीच्या वाटण्या त्यात आहेत. 'घराबाहेर जाणार नाही' असा शब्द दिलाय. तो पाळायचा तर मशीन घरातच हवं.

आणि हे काम रोज राबणारंच आहे. लेबल दुरुस्त करा, पुन्हा शिकवा, पुन्हा वाचायला लावा, चुका काढा, असं चक्र वर्षभर चालेल.

लष्करकर (ग्वाल्हेर)

शब्द दिलाय म्हटल्यावर प्रश्न मिटला. घरीच जोडा. मग कॅगलवर चाचणीसाठीसुद्धा फक्त तुमच्या स्वतःच्या घरचे कागद वापरा.

सोल्डरगन (इंदूर)

मी कार्ड दुरुस्तीचं काम करतो, जुन्या ३०९० बद्दल सांगतो.

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डं राबवून नाणी मिळवणं) बंद झालं आणि ही कार्डं ढिगाने बाजारात आली. मायनिंगवरचं कार्ड म्हणजे खराबच असं नाही. काही लोक ती थंड आणि कमी वॅटवर चालवत. पण ३०९० ची एक खोड आहे. तिच्या २४ मेमरी चिपांपैकी १२ पाटीच्या (सर्किट बोर्डाच्या) मागच्या बाजूला बसवलेल्या आहेत, जिथे पंख्याची हवा पोचतच नाही. पुढे ३०९० टीआयमध्ये दुप्पट मापाच्या चिपा घालून सगळ्या पुढे आणल्या. तेव्हा जुनी ३०९० घेताना मेमरीचं तापमान हीच खरी परीक्षा.

कार्ड हातात घेतल्यावर आधी उजेडात तिरपं धरा. सोनेरी दाते सरळ आणि एकसारखे चमकायला हवेत. काळा डाग किंवा ओरखडा खोल असेल तर सोडून द्या. स्क्रूंच्या खाचा घासलेल्या असतील तर कार्ड उघडलं गेलंय. ते वाईट नाही, पण थर्मल पॅड (चिपांची उष्णता पत्र्याला पोचवणारे) बदलले का, कोणते लावले, हे विचारा. मागच्या पत्र्याच्या कडेला तेलकट ओघळ दिसला तर तो जुन्या थर्मल पॅडचा रस आहे. पॅड बदलून कार्ड बरं होतं, मात्र तेवढा भाव पाडून घ्या. पंखे बोटाने फिरवा. खरखर किंवा डगमग नको.

मग अर्धा तास पूर्ण लोडवर चालवा. उबंटूवर एनव्हिडियाचा स्वतःचा प्रोग्राम गेमिंग कार्डाच्या मेमरीचं तापमान दाखवत नाही, म्हणून ही चाचणी विंडोजवर जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो लावून घ्या. मेमरी जंक्शन (मेमरी चिपांच्या आतलं तापमान) १०० अंशांच्या आत राहिलं तर छान. ११० ला टेकलं की कार्ड स्वतःच वेग कमी करतं. चिप ७० अंशावर आणि मेमरी १०८ वर, असं कार्ड विकणारा हमखास पहिलाच आकडा दाखवतो. दुसरा मागून घ्या.

जीएसटीचं बिल आणि सिरीयल नंबर जुळवून बघा. बाहेरच्या शहरातून मागवणार असाल तर दिल्लीच्या नेहरू प्लेस किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ट्रॅव्हल्सच्या बसने पार्सल येतं खरं, पण चाचणी न करता पैसे देऊ नका. ओळखीचं कुणी तिथे असेल तर त्याला उभं करा. इंदुरात घ्यायचं तर सिल्व्हर मॉलमध्ये विचारा, आणि समोर चालवून दाखवा असा आग्रह धरा. संकोच करू नका, रक्कम मोठी आहे.

खटका (इंदूर)

वायरिंगबद्दल कुणीच बोललं नाही. तीस वर्षं हेच काम करतो, म्हणून जरा लांब लिहितो.

रामबाग, नारायण बाग, जेल रोडच्या मागची जुनी घरं, यांत कित्येक ठिकाणी बोर्डावर तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. लोकांना कळत नाही, कारण सगळं चालतं. कॉम्प्युटरच्या लोखंडी कॅबिनेटला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात, तेव्हा समजा अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) तोंडाशी फिल्टर असतो, त्याचे दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थ असेल तर ती गळती जमिनीत जाते. नसेल तर कॅबिनेट अर्ध्या व्होल्टेजवर, ११५ च्या आसपास, तरंगत राहतं. करंट अगदी कमी असतो, पण तुम्ही त्याच कॅबिनेटमध्ये लाखाचं कार्ड बसवताय.

मल्टिमीटर एसीवर लावा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या जवळ. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढंच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ शंभर-सव्वाशे दाखवत असेल तर अर्थ नावालाच आहे. न्यूट्रल-अर्थ दहा-पंधरा दाखवत असेल तर न्यूट्रल कुठेतरी सैल आहे, ती आधी शोधा. बोर्ड उघडून हे स्वतः करू नका, वायरमनला समोर बसवून करून घ्या आणि आकडे लिहून ठेवा.

आता मालव्याचं म्हणून एक. आपली काळी माती. पावसाळ्यात ती पाणी धरते, अर्थिंग उत्तम असतं. एप्रिल-मेमध्ये हीच माती सुकून भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते, आणि जानेवारीत बरोबर असलेला आकडा मेमध्ये बिघडतो. म्हणून अर्थिंगची तपासणी उन्हाळ्यातच करायची. खड्ड्याच्या पाइपात आठवड्याला बादलीभर पाणी घालायची जुनी पद्धत योग्यच आहे. नवा खड्डा करणार असाल तर मीठ-कोळशापेक्षा बेंटोनाइटसारखा ओल धरणारा भराव घ्या.

मशीनला मेन बोर्डावरून स्वतंत्र लाइन ओढा, अडीच चौरस एमएम तांब्याची, वेगळा एमसीबी, शेवटी १६ अँपिअरचा सॉकेट. भार बघितला तर ५०० वॅट म्हणजे सव्वादोन अँपिअर, ६ अँपिअरच्या सॉकेटलाही जड नाही. पण ट्रेनिंग रात्र-रात्र चालतं, आणि त्याच लाइनवर फ्रीज किंवा मोटर चालू-बंद झाली की झटका इकडे येतो.

शेवपोहे (इंदूर)

खटका काका, घरच्या इन्व्हर्टरवर असं मशीन चालेल का? आमच्याकडे लाइट जाते ती पाच-दहा मिनिटांसाठीच.

खटका (इंदूर)

चालेल, दोन अटींवर. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा हवा. आजचे एसएमपीएस पॉवर फॅक्टर स्वतः सुधारणारे असतात, चौकोनी लहरीवर त्यातले काही कुरकुरतात, काही सरळ बंद पडतात. आणि मागच्या बाजूला 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असं बटण असतं, ते यूपीएसवर ठेवा. त्याने बॅटरीवर जाण्याचा वेळ कमी होतो. चांगला एसएमपीएस वीज गेल्यावर सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो, तेवढ्यात बदल झाला पाहिजे.

वेगळा यूपीएस घ्यायचा तर व्हीए बघून फसू नका, वॅट बघा. १ केव्हीएचे बरेच यूपीएस ६०० वॅटचेच असतात. ३०९० क्षणभरासाठी आपल्या आकड्याच्या कितीतरी वर उसळते, तेव्हा ६०० कमी पडतील.

दांडियाबाजार (बडोदा)

त्या उसळीवर सोपा उपाय आहे. ३०९० मूळ ३५० वॅटची. एका आज्ञेने तिची मर्यादा २७०-२८० वर आणता येते, वेग जेमतेम काही टक्के पडतो, उष्णता आणि आवाज दोन्ही उतरतात. मशीन सुरू झाल्यावर ही आज्ञा आपोआप चालेल अशी सोय करून ठेवा, कारण रीस्टार्ट झालं की मर्यादा पुन्हा ३५० वर जाते. एसएमपीएस तरीही ८५० वॅटचा, गोल्ड दर्जाचा घ्या. कंपनीची शिफारस ७५० ची आहे, थोडी मोकळीक ठेवलेली बरी. आणि कार्डाच्या प्रत्येक आठ पिनी तोंडाला एसएमपीएसपासून वेगळी केबल. एकाच केबलची दोन शेपटं वापरू नका.

लष्करकर (ग्वाल्हेर)

उन्हाळ्याबद्दल. कार्ड २८० वर, बाकी मशीन धरून भिंतीतून साधारण ४५० वॅट. हे सगळेच्या सगळे खोलीत उष्णता म्हणून उतरतात, ताशी १,५०० बीटीयूच्या वर. एक टनाचा एसी १२,००० बीटीयू ओढतो, म्हणजे त्याचा आठवा हिस्सा मशीनने खाल्ला. एसी असलेल्या खोलीत फार फरक पडत नाही. बंद खोलीत, माळ्यावर, कपाटात ठेवाल तर पडतो. विजेचं म्हणाल तर दहा तासांच्या रात्रीला साडेचार युनिट.

आमच्याकडे ग्वाल्हेरला मे महिन्यात दुपारी ट्रेनिंग लावत नाही, ४५ च्या वर पारा जातो आणि रात्रीही भिंती तापलेल्या असतात. तुम्हा इंदूरकरांचं बरं आहे, पठार असल्यामुळे रात्री हवा उतरते. शब-ए-मालवा (माळव्याची रात्र) उगाच म्हणत नाहीत. रात्री दहानंतर काम लावा, खिडकी उघडी ठेवा. डेझर्ट कूलर असेल तर त्याचा झोत थेट मशीनवर नको. ओलसर हवा आणि बारीक क्षार मिळून रेडिएटरच्या पात्यांवर पांढरा थर बसतो. कॅबिनेट जाळीच्या तोंडाचं घ्या, पुढून तीन पंखे आत, मागून एक बाहेर. काचेचं तोंड नको.

शेवपोहे (इंदूर)

माझं बजेट फार कमी आहे, कॉलेजात शिकतो. ३०६० १२ जीबी घेऊन सुरुवात केली तर चालेल ना?

दांडियाबाजार (बडोदा)

नक्की चालेल. १२ जीबी, १७० वॅट, साध्या एसएमपीएसवर चालते, आणि शिकण्याच्या कामाला कुठेच अडत नाही. २०१२ साली ज्या अ‍ॅलेक्सनेटने चित्रं ओळखून सगळ्या क्षेत्राची दिशा बदलली, ते दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर शिकवलं होतं, प्रत्येकी ३ जीबी, पाच-सहा दिवस. तुझ्या ३०६० त त्यातल्या एका कार्डाच्या चौपट मेमरी आहे. ८ जीबीची नवी कार्डं झगमगीत दिसतात, त्यांच्या मोहात पडू नकोस.

रामबागकर (इंदूर)

कॅगलवर आमच्या घरच्या ओळी लावून झाल्या. ओळ वाचणाऱ्या मॉडेलला १६ च्या बॅचवर साडेदहा जीबीच्या आसपास लागले. आठ अब्जांचं मॉडेल क्यूलोराने, १०२४ टोकनांवर, टी-४ वर मावलं. २०४८ केलं की मेमरी संपली. आमची वाटणीपत्रं लांब आहेत, १०२४ वर मध्येच तुटतात. म्हणजे २४ जीबी हवेच, हे आता अंदाजाने म्हणत नाही.

म्हणून जुनी ३०९० ठरवली. सोल्डरगन, तुमच्या पद्धतीने तपासूनच घेईन. बाकी असं : रायझन ५ ७६०० प्रोसेसर, रॅमच्या ३२ जीबीच्या दोन काड्या, २ टीबीची एनव्हीएमई डिस्क, ८५० वॅटचा गोल्ड एसएमपीएस. पुढे दुसरं कार्ड बसेल असा मदरबोर्ड घ्यावा का?

दांडियाबाजार (बडोदा)

रॅमच्या दोन काड्या घेताय हे उत्तम. या प्लॅटफॉर्मवर चार लावल्या की वेग ५२०० वरून ३६०० पर्यंत उतरतो. ७६०० मध्ये स्वतःचं छोटं ग्राफिक्स आहे, मॉनिटर मदरबोर्डलाच जोडा. कार्डाचे सगळे २४ जीबी ट्रेनिंगला मोकळे राहतील. प्रोसेसर मात्र पुन्हा एकदा विचार करून घ्या. मोडीची चित्रं फिरवणं, ताणणं, डाग घालणं, हे काम तोच करतो; आठ गाभ्यांचा घेतलात तर कार्ड वाट बघत बसणार नाही. आणि लाखो छोट्या ओळींची चित्रं सुट्या फाइलींत ठेवू नका, मोठ्या गठ्ठ्यांत बांधा.

दोन कार्डांचा बोर्ड म्हणजे प्रोसेसरकडून येणाऱ्या १६ लेन (डेटाचे रस्ते) आठ-आठ वाटणारा. तसे बोर्ड महाग. दोन ३०९० म्हणजे १,२०० वॅटचा एसएमपीएस आणि दुप्पट उष्णता. तुमच्या आकड्यांवरून गरज दिसत नाही. ते पैसे दुसऱ्या डिस्कवर घाला, स्कॅनची प्रत वेगळ्या जागी हवीच.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात : उबंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती, त्यांच्याच भांडारातला एनव्हिडिया ड्रायव्हर, आणि पायटॉर्च. कुडा (कार्डावर हिशेब चालवणारं एनव्हिडियाचं सॉफ्टवेअर) वेगळं बसवायची गरज नाही, पायटॉर्चच्या पॅकेजमध्ये लागेल तेवढं असतं. बायोसमध्ये सिक्युअर बूट चालू असेल तर ड्रायव्हरची सही नोंदवावी लागते, नाहीतर कार्ड दिसतच नाही. चेकपॉइंट (ट्रेनिंगच्या मध्ये साठवलेली प्रत) ठेवताना नुसती वजनं नको, ऑप्टिमायझरची स्थिती आणि डेटात कुठपर्यंत आलो तेही ठेवा. लाइट गेली तरी तिथूनच पुढे सुरू होईल. आणि बायोसमध्ये 'वीज आली की आपोआप सुरू' हा पर्याय लावा.

एक विनंती. लेबलं युनिकोडमध्येच ठेवा. मोडीला २०१४ पासून, युनिकोड ७.० मध्ये, स्वतःची जागा आहे. देवनागरी लिप्यंतराबरोबर जिथे शक्य तिथे मोडी अक्षरशः उतरवून ठेवलंत, तर आम्हाला बडोद्याच्या गायकवाडी कागदांवरही ते वापरता येईल.

रामबागकर (इंदूर)

हे करतो. कागद देणाऱ्यांची परवानगी मिळेल तेवढ्या ओळी आणि शिकलेलं मॉडेल तुम्हा दोघांना नक्की देईन. मॉडेल द्यायला कुणाची हरकत असेल असं वाटत नाही, तरी विचारूनच. प्रोसेसर आठ गाभ्यांचा, ७७०० करतो. वायरमन रविवारी येतोय, स्वतंत्र लाइन आणि मीटरचे आकडे त्याच दिवशी.

कॅबिनेटबद्दल एकच शंका. घरी जुनं लोखंडी कॅबिनेट आहे, तोंडाला जाळी आहे. ते चालेल का?

सोल्डरगन (इंदूर)

आतून लांबी मोजा. मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंत, पंखा बसवलेला धरून. कंपनीची मूळ ३०९० ३१३ मिलिमीटर लांब आणि तीन स्लॉट जाड आहे, इतरांची कार्डं ३२० च्याही पुढे जातात. जुन्या कॅबिनेटमध्ये पुढे हार्ड डिस्कचा पिंजरा असतो, तो रिव्हेटने ठोकलेला असेल तर ड्रिलने काढता येतो. कार्डाखाली टेकू लावाच. दीड-दोन किलोचं वजन एका स्लॉटला लटकलं की हळूहळू पाटी वाकते. लांबी आणि पिंजऱ्याचा फोटो इथे टाका, बसेल की नाही ते सांगतो.